सात किरणांची याद

बार्शीत मन्मथअप्पा तोडकरांनी याद लिहिली की लग्न पक्कं, असं धरून चालायची रीत होती. मुलगा पसंत, मुलगी पसंत झाली की दोन्हीकडची मंडळी बैठकीला बसत. वरात कुठून निघणार, जेवणात काय, कुणाचा मान कुठे, हे सगळं एका कागदावर उतरे. त्या कागदाला हळद-कुंकू लागलं की मग माघार नाही. अप्पा शाळेतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. अक्षर असं की वाचणाऱ्यालाच आपण शहाणे झाल्यासारखं वाटावं. पण त्यांची खरी करामत अक्षरात नव्हती, गाळण्यात होती.

एकदा घोड्याच्या रंगावरून दोन व्याही बाह्या सरसावून उठले होते आणि एकाने दुसऱ्याच्या आजोबांपर्यंत मजल मारली होती. अप्पांनी शांतपणे लिहिलं, 'वाहनाची व्यवस्था वधूपक्षाने आपल्या सोयीने करावी.' दोघांनीही मुकाट सह्या केल्या. आज त्या घरात दोन नातवंडं आहेत आणि घोड्याचा रंग कुणालाही आठवत नाही. बैठकीत बोललं गेलेलं निम्मंअधिक कागदावर येऊ द्यायचं नाही, हाच अप्पांचा धंदा, आणि तो ते फुकट करत.

मग आवाज स्वस्त झाले. कुणाचंही दोन मिनिटांचं बोलणं यंत्राला ऐकवा, की ते त्या माणसाच्या आवाजात दोन तास बोलू लागे, खोकल्यासकट. अक्षराची आणि सहीची नक्कल तर त्याआधीच होऊ लागली होती. शेजारच्या गावात वरपक्षाने एक ध्वनिफीत काढली. तीत मुलीचे आजोबा दोन्ही वेळच्या पंगतींना आमरस कबूल करत होते. लग्न मार्गशीर्षातलं, आणि आजोबा तीन वर्षांपूर्वीच गेलेले. वधूपक्षाने उलट दुसरी फीत आणली. तीत तेच आजोबा आमरस साफ नाकारत होते आणि वरबापाला शिव्याही घालत होते. दोन्ही आवाज हुबेहूब. शेवटी लग्न मोडलं ते मोडलंच. त्यानंतर कागद, फोन, फीत, सगळ्यावरचाच लोकांचा विश्वास उडाला आणि गावोगाव, बोलणं काचेच्या चकतीवर कोरून देणारी, साक्षीचकतीची केंद्रं निघाली.

अप्पांना हा प्रकार मुळीच आवडला नव्हता. पण आता बैठक त्यांच्याच घरची होती.

त्यांची मुलगी कल्याणी माती परीक्षण प्रयोगशाळेत अधिकारी होती. वय एकतीस. तिने आजवर अकरा मुलांना नकार दिला होता, आणि दहाव्याला तर त्याच्या गाडीची किल्ली त्याच्या हातात ठेवून फाटकापर्यंत पोचवून आली होती. बारावा, उदगीरचा प्रणव देवणीकर. त्याला भेटून आली आणि चप्पल काढता काढता म्हणाली, "अप्पा, हा चालेल." अप्पांनी तीनदा विचारून खात्री करून घेतली. तिसऱ्यांदा तिने बजावलं की हे जमलं नाही तर तेराव्यासमोर ती बसणार नाही, त्यामुळे पुन्हा हा विषय काढू नये. आणि एक अट घातली: आपल्याबद्दल जे आहे ते सगळं त्यांना आधी सांगायचं. नंतर कळलं तर फसवल्यासारखं होईल.

अप्पा बरं म्हणाले, आणि काहीही सांगायचं नाही असं त्याच क्षणी ठरवलं.

मुलाचे वडील काशिनाथराव पदार्थविज्ञानाचे निवृत्त प्राध्यापक. त्यांनी फोनवर सांगितलं, की अप्पांवर त्यांचा पूर्ण विश्वास आहे, परंतु विश्वास ही मोजता येणारी गोष्ट नाही, तेव्हा चकती करू. तीस वर्षं ज्याने लोकांच्या यादी लिहिल्या त्याच्याच घरी यंत्र बसवायचं, हा अपमान अप्पांनी मुलीकडे बघून गिळला.

रविवारी सकाळी अकराला मंडळी जमली. एसटी स्टँडसमोरच्या साक्षी केंद्राच्या नसरीन शेख, पस्तिशीच्या, बोलायला मोकळ्या, इडलीच्या कुकराएवढं यंत्र घेऊन आल्या. ते त्यांनी दिवाणखान्याच्या कोपऱ्यात ठेवलं आणि नियमाप्रमाणे सगळ्यांना समजावून सांगितलं. पूर्वीच्या चकत्यांवर एकच किरण एकच रेघ कोरत असे; सात माणसं एकदम बोलायला लागली तर त्याचा जीव मेटाकुटीला येई. या यंत्रातही लेझर एकच आहे, पण त्याच्या वाटेत केसाहून बारीक रेघांची एक काच बसवलेली आहे. तिच्यातून जाताना एका किरणाचे सात होतात. प्रत्येकापुढे एकेक झडप, सेकंदाला कोट्यवधी वेळा उघडमीट करणारी. ज्याचा माइक त्याची झडप. सातही किरण शेजारी शेजारी पडतात आणि चकतीच्या एका फेऱ्यात सात रेघा एकदम कोरल्या जातात. फेरा संपला की किरण सात रेघा पुढे सरकतात. चकती काचेची आहे, कोरलेलं बुजत नाही.

"मुख्य मुद्दा राहिला," काशिनाथराव म्हणाले, कारण त्यांना राहवेना.

मुख्य मुद्दा असा होता, की चकती फिरवणारी मोटर कितीही चांगली असली तरी कणभर थरथरते. बाहेरून ट्रक गेला, कुणी दार आपटलं, तरी थरथरते. ही थरथर सातही रेघांत एकाच क्षणी, एकाच मापाने उमटते. उद्या कुणी एखादी रेघ खोटी कोरली किंवा पुसली, तर तिची थरथर शेजारच्या सहांशी जुळणार नाही आणि लबाडी उघडी पडेल.

"म्हणजे शेजारीच साक्ष देणार," अप्पांच्या पत्नी सुरेखाताई म्हणाल्या. त्यांना शेजाऱ्यांचा अनुभव होता.

बिनतारी माइक कॉलरला आणि पदराला लागले. पहिला अप्पांना, दुसरा सुरेखाताईंना, तिसरा त्यांचे भाऊ बंडूमामा यांना. चौथा काशिनाथरावांना, पाचवा त्यांच्या पत्नी शोभाताईंना, सहावा मुलाच्या आत्याला. सातवा प्रणव आणि कल्याणी यांच्यामध्ये टीपॉयवर, चिवड्याच्या बशीला टेकवून ठेवला.

पहिली दहा मिनिटं सगळे आकाशवाणीवर बातम्या दिल्यासारखे बोलत होते. बंडूमामा प्रत्येक वाक्याआधी आपलं संपूर्ण नाव आणि गाव सांगत. आत्या हनुवटी छातीला लावून पदराशी बोलत होत्या. देण्याघेण्याचा प्रश्नच नव्हता, तारीख ठरली, वरात ठरली. मग जेवण निघालं आणि आत्यांनी मान वर केली. त्यांच्या घराण्यात लग्नाला पंगत बसते आणि पंगतीत शेंगाची पोळी गरम वाढली जाते, असं त्या म्हणाल्या. सातशे माणसांना गरम शेंगापोळी वाढायला काय अग्निशमन दल बोलावायचं का, असं बंडूमामांनी नाव-गाव न सांगता विचारलं. त्या क्षणी माइक सगळेच विसरले.

आवाज चढले तसे अप्पा उठले. अशा वेळी काय करायचं हे त्यांच्या हाडीमांसी खिळलेलं होतं. शेकडो बैठकींत त्यांनी हेच केलं होतं. "आम्ही जरा बाजूला बसून येतो," ते म्हणाले. "तुम्हीही बोलून घ्या." वरपक्ष मागच्या अंगणात नळापाशी गेला; प्रणव आणि कल्याणी टीपॉयपाशीच राहिले. अप्पा बायकोला आणि मेव्हण्याला घेऊन जिन्यात शिरले आणि दार लोटून घेतलं.

जिन्यात अप्पांनी मन मोकळं केलं. काशिनाथ म्हणजे फळ्यापुढून उठून आलेला माणूस, हातातला खडू अजून सुटलेला नाही, असं ते म्हणाले. मुलगा भिजवलेल्या पोह्यांसारखा, बोट लावाल तिथे खळगा पडतो. पण तेच बरं आहे. आपल्या पोरीसमोर दुसरा टिकणार कोण? ती सकाळी दहाच्या आत कुणाशी शब्द बोलत नाही आणि दहानंतर बोलायला लागली की समोरच्याला दहाच्या आतलीच बरी वाटते. स्वयंपाकघर तिला नकाशावर दाखवावं लागेल.

सुरेखाताईंनी आठवण करून दिली की हे त्यांना सांगायचं कल्याणीने कबूल करून घेतलंय.

"तिला काय कळतंय," अप्पा म्हणाले. "याद होऊ दे. मग कळलं तर कळलं, त्यांचं नशीब. शेंगापोळी देऊन टाका आणि उरका."

दोन्ही पक्ष परत आले ते एकदम मऊ होऊन. काशिनाथराव म्हणाले की उभ्याने जेवण चालेल. अप्पा म्हणाले, छे, पंगतच. काशिनाथराव म्हणाले, तुम्हाला त्रास नको. अप्पा म्हणाले, त्रास कसला, शेंगापोळीशिवाय लग्न म्हणजे काय. आता दोघे एकमेकांच्या बाजूने भांडू लागले, आणि अखेर पंगतच ठरली.

नसरीननी चकती पूर्ण झाल्याचं सांगितलं. अप्पा कॉलरचा माइक काढायला गेले आणि त्याच्यावरचा लाल ठिपका त्यांना दिसला. तो सकाळपासून तसाच जळत होता. जिन्यातही जळत होता.

अप्पांचे कान गरम झाले. पोहे, खडू, नकाशा, सगळं काचेत कोरलं गेलं होतं, पहिल्या रेघेवर, त्यांच्या स्वतःच्या आवाजात, आणि सहा शेजारी साक्षीला. दुसऱ्यांच्या लग्नातली घाण तीस वर्षं उपसली आणि पोटच्या पोरीच्या बैठकीत स्वतःच हे करून ठेवलं. त्यांनी नसरीनना कोपऱ्यात घेतलं आणि हळूच विचारलं, एखादी रेघ नजरचुकीने पुसता येते का. नसरीननी मान हलवली. एक पुसली की साती बाद. आणि काशिनाथरावांनी अर्जातच लिहिलंय की आपल्या रीतीप्रमाणे याद सगळ्यांसमोर वाचल्याशिवाय उठायचं नाही, म्हणून एकेक रेघ लावून ऐकवायची, पहिलीपासून.

अप्पांनी काशिनाथरावांकडे पाहिलं. ते तिसऱ्यांदा पाणी पीत होते. चिवडा तिखट झाला असावा, असं अप्पांना वाटलं.

तेवढ्यात आत्या उठल्या. वाचायच्या आधी यादीला हळद-कुंकू लागलं पाहिजे. नसरीननी घाईने सांगितलं की ते वेष्टनावर लावा. पण अप्पांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला होता. यादीच्या कागदाला हळद-कुंकू लावतात, वेष्टनाला नाही, असं त्यांनी ठणकावलं, आणि चकती ताटात घेतली. बोटभर हळदीवर थांबावं तर ते थांबेनात. पाची बोटं बुडवून त्यांनी चकतीवर फिरवली, मग तळवा फिरवला. आश्चर्य म्हणजे काशिनाथराव शेजारी येऊन बसले आणि कुंकवाची वाटी पुढे करत म्हणाले, "लावा, लावा. शुभ कामात हात आखडता नको." दोघांनी मिळून ती चकती दोन्ही बाजूंनी अशी माखली की तिच्यात तोंड दिसायचं बंद झालं.

"अहो, हे काय केलंत?" नसरीन म्हणाल्या. "हिच्यावर किरण जातो."

"अरेरे," अप्पा म्हणाले.

"फार वाईट झालं," काशिनाथराव म्हणाले. "पण नाइलाज आहे. अप्पा, तुम्ही आपली कागदावर लिहून टाका. तुमचं अक्षर काय कमी आहे?"

अप्पा कागद आणायला निघाले ते जवळजवळ उड्या मारत. लिहून बाहेर येईपर्यंत नसरीननी मोरीत जाऊन चकती साबणाच्या पाण्याने धुतली होती, मऊ फडक्याने टिपली होती आणि यंत्रात घातली होती. सात हिरवे दिवे ओळीने लागले.

काळजीचं कारण नाही, त्यांनी सांगितलं. कोरलेलं काचेच्या पोटात असतं. किरण वरच्या पृष्ठभागावर रुंद असतो आणि आत जाऊन टोकदार होतो, त्यामुळे वर एखादा डाग राहिला तरी त्याची नुसती पुसट सावली पडते. एवढं काशिनाथरावांनी अप्पांना आधीच सांगायला हवं होतं, कारण ते त्यांच्या विषयातलंच आहे.

काशिनाथरावांनी कुंकवाची वाटी बाजूला सारली. त्यांचं तोंड उतरलं होतं. अप्पांचंही उतरलं होतं. घरात इतकी चांगली बातमी आली आणि एकाही चेहऱ्यावर आनंद नाही, हे एका माणसाच्या नजरेतून सुटलं नाही.

"नसरीनताई," कल्याणी म्हणाली, "पहिलीपासून नको. आधी सातवी लावा." मग प्रणवकडे बघून तिने विचारलं, "चालेल ना?" प्रणवने मान डोलावली.

सातव्या रेघेवर आधी नुसता चिवडा चावल्याचा आवाज आला. दार लोटल्याचा आवाज आला. मग कल्याणी बोलली. जिन्यात आणि नळापाशी काय चाललं असेल याचा तिने अंदाज केला, आणि तो बऱ्यापैकी बरोबर होता. मग ती सरळ सांगत गेली: सकाळी दहाच्या आत ती बोलत नाही, स्वयंपाक येत नाही, शिकायचाही नाही, अकरा जणांना नको म्हटलंय, एकाला हाकलून दिलंय. प्रणवने बशी सरकवल्याचा खडखडाट आला. मग त्याने सांगितलं की त्याला नाही म्हणताच येत नाही. कॉलेज, शाखा, नोकरी, वडिलांनी ठरवलं आणि तो हो म्हणत गेला. "तुला हो म्हणताना मात्र पहिल्यांदाच बाबांकडे बघावं लागलं नाही," तो म्हणाला.

मग पुन्हा कल्याणीचा आवाज.

"अप्पांनी हे तुमच्याकडे सांगायचं मी कबूल करून घेतलंय. ते सांगणार नाहीत. कुणाचं वाईट कागदावर येऊ द्यायचं नाही, जन्मभर हेच केलंय त्यांनी. माझ्या वेळी तर जिवाचं रान करतील. म्हणून मीच सांगितलं. मी तुला सगळं सांगितलं हे त्यांना कळू देऊ नको, त्यांना वाईट वाटेल."

रेघ संपली. अप्पांनी हातातला कागद दुमडला. पोरीला त्यांनी डाग झाकावा तसं झाकलं होतं, आणि ती मात्र बापाला सांभाळून घेत होती, तेही त्याच वेळी, दोन दारांपलीकडे बसून. त्यांना तिचं फार कौतुक वाटलं आणि स्वतःची तितकीच लाज. आता आपली रेघ गाळायची म्हटली तर कोणत्या तोंडाने?

"पहिली लावा," ते म्हणाले.

सुरेखाताईंनी त्यांचा हात धरला. त्यांनी तो सोडवला.

पहिली रेघ लागली. खडू आला, पोहे आले, बोट आणि खळगा आला, नकाशा आला. जिन्यात आवाज घुमतो, त्यामुळे सगळं अगदी खणखणीत ऐकू येत होतं. बंडूमामा छताकडे बघत होते. रेघ संपल्यावर अप्पा उभे राहिले, त्यांनी प्रणवला हात जोडले आणि म्हणाले की मी बोललो ते मी बोललो, आवाज माझाच आहे, चूक माझी आहे, पोरीची यात काही चूक नाही.

काशिनाथराव ताडकन उठले. "प्रणव, ऊठ. आपण निघू."

प्रणव बसून राहिला. त्याचे कान लाल झाले होते, कपाळावर घाम आला होता. त्याने एकदा वडिलांकडे पाहिलं, एकदा टीपॉयकडे.

"नाही, बाबा," तो म्हणाला.

काशिनाथरावांना ते नीट ऐकू आलं नसावं, कारण ते तसेच उभे होते. नसरीननी खाकरून सांगितलं की वाचनाचीही साक्ष धरायची असते, दुसऱ्या खोबणीत दुसरी चकती चालू आहे, तेव्हा हे 'नाही'सुद्धा कोरलं गेलंय. शोभाताईंनी नवऱ्याचा सदरा धरून खाली ओढला.

"बसा," त्या म्हणाल्या. "चौथी अजून लागायची आहे."

काशिनाथराव बसले. चौथी राहू द्या, असं ते पुटपुटले. आत्यांनी ती लावायला सांगितली. नसरीननी बटण दाबलं. आधी नळाचं पाणी ठिबकल्याचा आवाज आला आणि मागोमाग काशिनाथरावांचा, वर्गात शेवटच्या बाकापर्यंत पोचेल असा: "हा हेडक्लार्क मला फायलीत गुंडाळून ठेवील असं वाटतंय. पण आपला मुलगा मेणाहून मऊ आहे हे त्यांच्या ध्यानात यायच्या आत याद उरका."

पहिल्यांदा हसली ती कल्याणी. मग प्रणव. सुरेखाताईंनी तोंडाला पदर लावला. काशिनाथरावांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला, पण वर बघायचं धाडस त्यांना होईना.

अप्पा सरकत सरकत त्यांच्या सतरंजीवर गेले आणि पाण्याचा तांब्या त्यांच्यापुढे ठेवला.

"पाणी घ्या, व्याही," ते म्हणाले. "बायकांच्या रेघा अजून बाकी आहेत."